विंडोजच्या पोटातला राउटर : इंटरनेट कनेक्शन शेअरिंग कितपत कामाचं?

इंटरनेटची जोडणी एक आणि ती हवी असलेली यंत्रं चार, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी राउटर मुकाट्याने सोडवतो. डोकं खाजवायची वेळ येते ती राउटर नसतो तेव्हा, किंवा असून उपयोगाचा नसतो तेव्हा. जोडणी फोनमधून यूएसबी तारेने येतेय. किंवा वायफाय एकाच लॅपटॉपला मिळतंय आणि जुना डेस्कटॉप, प्रिंटर, टीव्ही यांना फक्त तारेचं तोंड आहे. किंवा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खासगी बोगदा, एकाच कॉम्प्युटरवर बसवलंय आणि बाकीच्यांनाही त्यातूनच बाहेर पडायचंय. अशा वेळी विंडोजमध्ये आधीपासून असलेली 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' ही सोय हाताशी येते. तिला थोडक्यात आयसीएस म्हणतात. १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर ती आली आणि विंडोज ११ मध्येही जवळपास तशीच, जुन्या कंट्रोल पॅनेलच्या एका कोपऱ्यात बसून आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. दोन तासांच्या किंवा दोन-चार दिवसांच्या कामाला पाचपैकी चार गुण. कायमची व्यवस्था म्हणून पाचपैकी दोन, आणि त्यातलाही एक ती फुकट आहे म्हणून.

हिच्याकडे राउटर म्हणूनच बघायला हवं, कारण ती राउटरच आहे, फक्त बटणं काढून घेतलेला. सुरू केली की ती तीन कामं अंगावर घेते. पहिलं नॅट. आतल्या यंत्रांचे खासगी पत्ते बाहेर जाताना पुसायचे, त्या जागी स्वतःचा पत्ता घालायचा, आणि उत्तर आलं की ते कुणाचं हे पोर्ट क्रमांकांच्या (प्रत्येक संवादाला दिलेल्या आकड्यांच्या) तक्त्यात बघून त्याला पोचतं करायचं. दुसरं डीएचसीपी, म्हणजे आत जोडलेल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटणं. तिसरं डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची, दलाली. आतलं यंत्र नाव विचारतं, आयसीएस ते बाहेरच्या डीएनएसला विचारून उत्तर आणून देतं. विंडोज ७ पासून आतल्या कार्डाला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता मिळतो आणि बाकीच्यांना त्याच ओळीतले पुढचे. विंडोज एक्सपीच्या काळात हा पत्ता १९२.१६८.०.१ होता. कित्येक राउटरही तोच पत्ता वापरत असल्यामुळे भांडण ठरलेलं असायचं. १३७ ही विचित्र संख्या निवडून ते बरंचसं मिटलं.

बरंचसं, पूर्ण नाही. एका लॅपटॉपने हॉटस्पॉट चालू केला, दुसऱ्याने तो पकडून आयसीएसने पुढे तारेवर वाटला, तर दुसऱ्या लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंना १९२.१६८.१३७ हीच ओळ येते. मग पाकीट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, आत पाठवायचं की बाहेर, हे त्याला ठरवता येत नाही. उपाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या भांडारात, आहे. लोकल मशीनच्या शाखेत सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, शेअर्ड-अॅक्सेस, पॅरामीटर्स असं उतरत गेलं की स्कोप-अॅड्रेस आणि स्टँडअलोन-डीएचसीपी-अॅड्रेस ही दोन मूल्यं दिसतात. दोन्हींत १९२.१६८.१५०.१ किंवा असाच दुसरा खासगी पत्ता घालायचा आणि शेअरिंग बंद करून पुन्हा चालू करायचं. राउटरच्या पानावर जे काम एका रकान्यात होतं त्यासाठी इथे रजिस्ट्री उघडावी लागते. या सोयीचा स्वभावच असा आहे.

आता जोडणी. कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं लागतात, एक बाहेरचं आणि एक आतलं. लॅपटॉपला वायफाय आणि तारेचं तोंड दोन्ही असेल तर काहीच आणावं लागत नाही. नसेल तर यूएसबीला लागणारं इथरनेट अॅडाप्टर पुरतं. ते घेताना यूएसबी ३ चं घ्यावं, कारण यूएसबी २ च्या पोर्टातून गिगाबिटचा वेग बाहेर पडूच शकत नाही. एकच कार्ड असलेल्या कॉम्प्युटरवर शेअरिंगचा टॅब मुळात दिसतच नाही. 'माझ्याकडे तो टॅबच नाहीये' या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच असतं. ऑफिसच्या डोमेनमधला कॉम्प्युटर असेल तर ग्रुप पॉलिसीने, म्हणजे ऑफिसने सगळ्या कॉम्प्युटरांना लावलेल्या नियमांनी, शेअरिंग बंद केलेलं असू शकतं. तिथे खटपट करत बसू नये, परवानगी मागावी.

रन खिडकीत 'एनसीपीए' आणि पुढे टिंब देऊन 'सीपीएल' असं इंग्रजीत टाइप केलं की नेटवर्क कार्डांची यादी उघडते. तिथे पहिलं काम कार्डांची नावं बदलण्याचं. 'इथरनेट ३', 'इथरनेट ५', 'लोकल एरिया कनेक्शन' आणि मागे एक तारका, या नावांतून काहीच बोध होत नाही, आणि व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) किंवा व्हीपीएन असेल तर यादी आणखी लांबते. तार उपटून कुठल्या चित्रावर लाल फुली येते ते पाहायचं आणि एकाला 'बाहेर', दुसऱ्याला 'आत' असं नाव देऊन टाकायचं. या एका मिनिटाने पुढचा अर्धा तास वाचतो.

मग उजवं बटण दाबायचं ते 'बाहेर'वर. निम्मी माणसं इथे चुकतात. 'आत वाटायचंय ना, मग आतल्या कार्डावरच' असं वाटतं आणि सगळा प्रवाह उलटा होतो. बाहेरच्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगचा टॅब, त्यात पहिल्या चौकटीत खूण आणि खालच्या यादीतून 'आत' हे कार्ड. दुसऱ्या चौकटीत, इतरांना ही जोडणी बंद-चालू करू देणारी जी आहे तिच्यात, आधीपासून खूण असते. ती काढून टाकावी. आतल्या कुणालाही तो अधिकार असायचं कारण नाही. ओके म्हटलं की विंडोज सांगतं, आतल्या कार्डाचा पत्ता १९२.१६८.१३७.१ होणार आहे. त्या कार्डाला आधी हाताने काही पत्ता दिला असेल तर तो पुसला जाईल, म्हणून आधी लिहून ठेवावा.

एका वेळी एकच जोडणी वाटता येते. व्हीपीएन पुढे न्यायचं असेल तर बाहेरचं कार्ड म्हणून वायफाय निवडायचं नाही, व्हीपीएनचं अॅडाप्टर निवडायचं. व्हीपीएन तुटून पुन्हा जोडलं गेलं आणि आतले सगळे गप्प झाले, तर खूण काढून पुन्हा घातली की बहुधा सुरळीत होतं.

तारांचं थोडक्यात. एकच यंत्र जोडायचं असेल तर एक सरळ केबल पुरते. गिगाबिटच्या कार्डांना उलट-सुलट तार आपोआप ओळखता येते, त्यामुळे पूर्वीची क्रॉसओव्हर केबल शोधायची गरज उरलेली नाही. यंत्रं जास्त असतील तर पाच किंवा आठ तोंडांचा साधा स्विच घ्यावा, ज्याला कसलीच सेटिंग लागत नाही असा. कॅट ५ई केबल शंभर मीटरपर्यंत गिगाबिट नेते. वेग शंभर मेगाबिटच्या आसपास अडकला की सगळे इंटरनेटवाल्याला शिव्या घालतात, पण आधी केबल बघावी. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे एखादी तार कनेक्टरात नीट बसलेली नसेल तर जोडणी तुटत नाही, निमूटपणे शंभरावर उतरते. कार्डाच्या स्टेटस खिडकीत वेग दिसतो. तिथे एक गिगाबिटऐवजी शंभर मेगाबिट दिसलं तर केबल बदलून बघावी.

सगळं जोडलं, खुणा झाल्या, आणि आतल्या यंत्रावर इंटरनेट नाही. इथे अंदाजाने बटणं दाबत सुटण्यापेक्षा एका क्रमाने गेलं की दोष दोन मिनिटांत पकडता येतो. आतल्या यंत्रावर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' चालवायचं. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीचं उत्तर पोचलेलंच नाही आणि यंत्राने स्वतःच स्वतःला पत्ता देऊन घेतलाय. म्हणजे दोष आतल्या बाजूला आहे: तार, चुकीचं कार्ड, बंद पडलेली सेवा, किंवा अँटीव्हायरसबरोबर आलेली फायरवॉल. ही शेवटची फार छळते. शेअरिंग करणाऱ्या कॉम्प्युटरवर बसून ती आतल्या यंत्रांकडून येणाऱ्या डीएचसीपीच्या विनंत्या अडवते आणि वरवर सगळं हिरवं दिसत राहतं. ती तात्पुरती बंद केल्यावर पत्ता मिळाला, तर गुन्हेगार सापडला. मग ती पुन्हा चालू करून आतल्या जाळ्याला विश्वासू म्हणून नोंदवायचं.

पत्ता १९२.१६८.१३७ चा असेल तर १९२.१६८.१३७.१ ला पिंग करून, म्हणजे छोटं पाकीट पाठवून उत्तर येतं का ते, बघायला हरकत नाही, पण उत्तर आलं नाही म्हणून घाबरू नये. आतल्या जाळ्याला विंडोज 'अनोळखी नेटवर्क' समजतं, त्याला पब्लिक वर्गात टाकतं, आणि त्या वर्गात फायरवॉल पिंगला उत्तरच देत नाही. इंटरनेट चालतं पण फायली आणि प्रिंटर शेअर होत नाहीत, त्याचंही कारण हेच. खरी चाचणी पुढची. ८.८.८.८ या बाहेरच्या सार्वजनिक डीएनएसच्या पत्त्याला पिंग करायचं. उत्तर आलं की नॅट ठीक. नंतर एखाद्या साइटच्या नावाने पिंग. आकड्याने जातंय आणि नावाने जात नाही, तर दोष डीएनएसच्या दलालीत. शेअरिंग करणाऱ्या कॉम्प्युटरवर दुसरा एखादा डीएनएस सर्व्हर चालू असेल, उदाहरणार्थ जाहिराती अडवणारा, तर पोर्ट ५३ दोघांनाही हवं असतं आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. एक तर त्याला तिथून हलवायचं, नाहीतर आतल्या यंत्रांवर डीएनएस म्हणून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हाताने भरायचं.

एक दोष या क्रमात सापडत नाही. सगळं चालतं, काही साइट झटकन उघडतात, आणि काही मात्र अर्ध्यात लटकतात. कॉम्प्युटर स्वतः पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन इंटरनेटवाल्याशी जोडण्याची पद्धत) डायल करून बाहेर जोडलेला असेल तर बहुधा एमटीयूची, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराची, भानगड असते. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटचं, पीपीपीओईचं वेष्टन आठ बाइट खातं, उरतात १४९२. आतल्या यंत्रांना हे ठाऊक नसतं, ती १५०० ची पाकिटं पाठवत राहतात. 'पाकीट लहान करा' हा निरोप वाटेत कुठल्या तरी फायरवॉलने गिळला की मोठी पाकिटं हरवतात, लहान पोचतात. तपासायला पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय देऊन आधी १४७२ आणि मग १४६४ बाइट पाठवायचे. दोन्हींत शीर्षाचे, म्हणजे पाकिटावरच्या पत्त्याच्या मजकुराचे, २८ मिळवले की १५०० आणि १४९२ होतात. पहिलं अडलं आणि दुसरं गेलं, तर आतल्या यंत्रांवर एमटीयू १४९२ करून टाकायचं.

इथवर जे आलं ते कुठल्याही राउटरवर कमी-अधिक होतंच. आयसीएसवर खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीसाठी.

विंडोज १० मध्ये कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला की शेअरिंग बंद पडतं. खूण जागेवर दिसते, पत्ता १३७.१ दिसतो, पण आतल्यांना काहीच मिळत नाही. खूण काढायची, ओके, पुन्हा घालायची, ओके, की चालू. दर रीस्टार्टला हा सोपस्कार. त्यात १७०९ या आवृत्तीपासून भर अशी की ही सेवा गरजेपुरती सुरू होणारी झाली. चार मिनिटं आतून काही हालचाल नसली की ती बंद पडते आणि आपणहून उठत नाही. म्हणजे रात्री सगळे झोपले की सकाळी इंटरनेट नाही. राउटर असा वागला असता तर लोकांनी दुसऱ्या दिवशी परत केला असता.

मायक्रोसॉफ्टने यावर स्वतःच उतारा दिलाय, तोही रजिस्ट्रीतच. लोकल मशीनच्या शाखेत सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, शेअर्ड-अॅक्सेस इथे जायचं. तिथे एनेबल-रीबूट-पर्सिस्ट-कनेक्शन या नावाचं डीवर्ड (आकडा ठेवणारं) मूल्य तयार करायचं आणि त्यात १ भरायचं. इथे वाचायला सोपं जावं म्हणून आडव्या रेघा घातल्यात. प्रत्यक्षात नाव इंग्रजीत, सलग, रेघांविना लिहायचं. मग सर्व्हिसेसच्या खिडकीत इंटरनेट कनेक्शन शेअरिंग ही सेवा शोधून तिचा स्टार्टअप प्रकार ऑटोमॅटिक करायचा. दोन्ही केल्याशिवाय फरक पडत नाही. नुसतं मूल्य भरून सेवा तशीच ठेवणारे 'उपाय चालत नाही' म्हणून सांगत फिरतात.

उलट बाजूची सूचनाही द्यायला हवी. 'वापरत नाही तर बंद ठेवा' अशा याद्या वाचून काही जण ही सेवा कायमची डिसेबल करतात. हायपर-व्ही या विंडोजच्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सोयीचा डीफॉल्ट स्विच आतून याच सेवेवर चालतो. ती मारली की व्हर्च्युअल मशीनचं इंटरनेट जातं आणि कारण काही केल्या लक्षात येत नाही.

तारेची गरज नसेल, सगळी यंत्रं वायफायचीच असतील, तर आयसीएसची ही खिडकी उघडूच नये. सेटिंग्जमधला मोबाइल हॉटस्पॉट वापरावा. विंडोज १० च्या २०१६ मधल्या अॅनिव्हर्सरी अपडेटपासून तो आहे, आतून तीच यंत्रणा वापरतो आणि एका बटणावर चालतो. मर्यादा आठ यंत्रांची. बाहेरची जोडणी नसेल तर चालूच होत नाही, त्यामुळे इंटरनेटशिवाय नुसतं स्थानिक जाळं उभारायला तो निरुपयोगी. कुणी जोडलेलं नसलं की वीज वाचवायला आपोआप बंद होतो. टीव्ही किंवा प्रिंटर अधूनमधून झोपत असेल तर ते पॉवर सेव्हिंगचं बटण आधीच बंद करून ठेवावं.

वेगाची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. वायफाय घेऊन वायफायच वाटायचं तर लॅपटॉपमधला एकच रेडिओ दोन्हीकडे बोलतो. त्याला एकाच चॅनेलवर राहून वेळ वाटून घ्यावा लागतो, रात्र थोडी सोंगं फार अशी गत होते. प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जात असल्याने वेग निम्म्यावर येणं हे या पद्धतीत अभिप्रेतच आहे. बाहेरची जोडणी तारेने किंवा फोनच्या यूएसबी टेदरिंगने (फोनचं इंटरनेट यूएसबी तारेतून) घेतली की हा तोटा जातो. फोनचं यूएसबी टेदरिंग या कामाला फारच छान: फोन चार्ज होत राहतो, त्याचा वायफाय रेडिओ मोकळा राहतो आणि विंडोजला ते साधं नेटवर्क कार्ड म्हणून दिसतं.

तार आणि वायफाय दोन्हीकडे वाटायचं असेल तर? हॉटस्पॉट आणि तारेचं शेअरिंग एकत्र चालवण्याच्या फंदात पडू नये. आतून दोन्ही एकच सेवा आहेत आणि एक चालू केलं की दुसरं रुसतं. अडगळीतला जुना राउटर काढून त्याला अॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय पुरवणारं यंत्र, करावं. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१३७.२५० असा काही द्यायचा, त्याचं डीएचसीपी बंद करायचं, आणि स्विचकडून येणारी केबल त्याच्या लॅनच्या (आतल्या जाळ्याच्या) तोंडात लावायची. वॅनमध्ये (इंटरनेटच्या तोंडात) लावली तर तो आपलं दुसरं नॅट मध्ये घालतो. ब्राउझिंग चालेल, पण त्याच्या मागच्या फोनला तारेवरचा प्रिंटर शोधूनही सापडणार नाही.

या राउटरच्या निमित्ताने एक ताकीद. आयसीएसच्या आतल्या बाजूची केबल चालू असलेल्या दुसऱ्या राउटरच्या लॅनमध्ये कधीही लावू नये. दोघेही पत्ते वाटू लागतात. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता यंत्र घेतं. निम्मी यंत्रं एका वाटेने, निम्मी दुसऱ्या, आणि पत्त्याची मुदत संपली की बाजू बदलतात. ज्याने केबल लावली त्याला काहीच दिसत नाही, भोगतात बाकीचे.

'शेअरिंगऐवजी ब्रिज का नको?' असं अनेकजण विचारतात. नेटवर्क कार्डांच्या त्याच यादीत दोन कार्डं निवडून ब्रिज, म्हणजे दोन्ही जाळ्यांना थेट जोडणारा पूल, करता येतो आणि त्यात नॅट नसतं, आतल्या यंत्रांना पत्ते थेट बाहेरचा राउटर देतो. बाहेरचं कार्ड तारेचं असेल तर ब्रिज उत्तम. वायफाय असेल तर मात्र बहुधा अडतं. वायफायच्या ग्राहकाला साधारणपणे आपल्या एकाच हार्डवेअर पत्त्याने बोलता येतं, मागे लपलेल्या इतर यंत्रांच्या पत्त्यांची पाकिटं अॅक्सेस पॉइंट स्वीकारत नाही. वायफाय घेऊन तारेवर वाटायचं तर आयसीएसच.

आता, कायमसाठी नको असं का म्हटलं? रीस्टार्टचं रडगाणं रजिस्ट्रीने मिटतं, पण बाकीचं मिटत नाही. कुठल्या यंत्राला कायम कुठला पत्ता, हे ठरवून ठेवायची जागाच इथे नाही. प्रिंटरला पक्का पत्ता हवा तर तो प्रिंटरवरच हाताने भरायचा, शेवटच्या आकड्यांपैकी एखादा, गेटवे (बाहेर जायचं दार) १३७.१. कोण जोडलंय याची धड यादी नाही, कुणी किती वापरलं याचा हिशोब नाही, आणि एकाच्या अपलोडखाली सगळे गुदमरले तर लगाम नाही. हा शेवटचा मुद्दा एक जोडणी वाटताना सर्वांत जास्त जाणवतो. एका यंत्राचं फोटोंचं बॅकअप सुरू झालं की बाहेर जाणाऱ्या रांगेत पाकिटं साचतात, आणि शेजारच्या यंत्रावरचा व्हिडिओ कॉल अडखळतो, मग जोडणीचा वेग कितीही असो. त्यावर उपाय रांगेच्या शहाण्या व्यवस्थापनाचा, आणि तो आयसीएसमध्ये नाही.

शिवाय कॉम्प्युटर सतत चालू ठेवावा लागतो. तो झोपला की सगळे झोपले. म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करणं आलंच, आणि लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काय करायचं तेही. नुसता बसून ५० वॅट खाणारा डेस्कटॉप दिवसाला १.२ युनिट वीज घेतो. ८ वॅटचा राउटर तेच काम ०.२ युनिटच्या आत करतो. अपडेट होऊन कॉम्प्युटरने भल्या पहाटे स्वतःला रीस्टार्ट केलं तर काय होतं, ते वर आलंच आहे.

इतर ठिकाणी हीच सोय कशी आहे? लिनक्सवर नेटवर्क मॅनेजरमध्ये तारेच्या जोडणीच्या आयपीव्ही४ टॅबमध्ये 'इतर कॉम्प्युटरांशी वाटलेली' असा पर्याय निवडला की १०.४२.०.१ वर तीच तीन कामं सुरू होतात, आणि रीस्टार्टनंतरही राहतात. निव्वळ वाटण्यापुरतं बोलायचं तर हे विंडोजपेक्षा सरस आहे. मॅकवरचं इंटरनेट शेअरिंगही नीटनेटकं आहे, पण वायफाय घेऊन त्याच वायफायवर वाटण्याची अपेक्षा तिथे करू नये.

कायमच्या कामासाठी राउटरच हवा, आणि जुना राउटर पडून असेल तर त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं सॉफ्टवेअर चढतं का ते आधी बघावं. २००४ पासून चाललेला हा मुक्त प्रकल्प आहे. ८ मेगाबाइट फ्लॅश (साठवणीची जागा) आणि ६४ मेगाबाइट रॅम यांच्या खालच्या यंत्रांवर वेळ घालवू नये, आणि तेवढंच असलेल्यांवरही ओढाताण होते. १६ आणि १२८ असेल तर निवांत. त्यात एसक्यूएम हे रांग सांभाळणारं पॅकेज टाकून केक ही रांगव्यवस्था निवडायची, आणि वेगाच्या रकान्यात मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के आकडा अपलोड-डाउनलोड दोन्हींत भरायचा. दहा टक्के सोडून दिल्याने रांग बाहेरच्या मोडेममध्ये न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, म्हणजे आपल्या ताब्यात राहते. बॅकअप आणि व्हिडिओ कॉल मग शेजारी-शेजारी सुखाने नांदतात. फोनचं यूएसबी टेदरिंगही योग्य पॅकेज टाकलं की यूएसबीचं तोंड असलेल्या अशा राउटरला थेट घेता येतं, मधला कॉम्प्युटर गळून पडतो.

आयसीएसचं काम संपलं की ते नीट उतरवून ठेवावं. बाहेरच्या कार्डावरची खूण काढायची आणि लगेच आतल्या कार्डाच्या आयपीव्ही४ च्या प्रॉपर्टीज उघडून बघायच्या. कधीकधी १९२.१६८.१३७.१ हा पत्ता तिथे तसाच चिकटून राहतो. तो काढून 'पत्ता आपोआप मिळवा' हा पर्याय निवडायचा, डीएनएसलाही तेच. हे राहून गेलं तर महिन्याभराने कुणीतरी त्याच लॅपटॉपला राउटरची केबल लावतो, तार ठीक, दिवा लुकलुकतोय, आणि इंटरनेट मात्र नाही. रजिस्ट्रीत भरलेला १ ही पुसून टाकावा आणि सेवा पुन्हा मॅन्युअलवर आणावी. आतल्या यंत्रांवर हाताने डीएनएस किंवा एमटीयू भरला असेल तर तोही परत फिरवावा, आणि अॅक्सेस पॉइंट केलेल्या राउटरवर तो कुठल्या पत्त्यावर आहे याची चिठ्ठी चिकटवून मगच तो पुन्हा अडगळीत टाकावा.